ज्याचे रन, त्याचं नाव

"काका, आत नका येऊ. मीच सामान बाहेर आणून देतो," लोमटे म्हणाला, आणि बोलता बोलता त्यानं हात मागं नेऊन कॉम्प्युटरचा स्क्रीन बंद केला.

मी दारात उभा होतो, बगलेत पुठ्ठ्याचं रिकामं खोकं घेऊन. स्क्रीन बंद व्हायच्या आधी मला दिसायचं ते दिसलं होतं. एकाखाली एक बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माझ्या बायकोचं नाव होतं आणि शेवटी हिरव्या अक्षरांत 'रनिंग' असं लिहिलेलं होतं.

शैलाला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

"तिच्या नावावर काय चालू आहे?" मी विचारलं.

"अं? ते जुनं काहीतरी आहे, काका. आपोआप चालतं. बंद करायचं राहिलंय."

मी बत्तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होतो. कामगार तयार केलेला जॉब पुढं ठेवताना अंगठा कुठं दाबून धरतो, त्यावरून खोट कुठं आहे ते मला कळतं. लोमटेनं अंगठा त्या स्क्रीनवर ठेवला होता.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शैला म्हणजे डॉ. शैलजा खंडागळे. औरंगाबादच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी खगोलशास्त्राचं एक लहानसं केंद्र होतं, तिथं ती संशोधन करायची. मी आयटीआय झालेला माणूस. आमचं लग्न झालं तेव्हा ती एम.एस्सी.ला होती आणि मला पक्की नोकरी होती. लोक म्हणायचे, ही शिकून पुढं गेली की तुला विचारणार नाही. ती पुढं गेली. विचारायचं मात्र तिनं सोडलं नाही. निरंजन लोमटे तिचा विद्यार्थी, अंबाजोगाईचा. पाच वर्षं तिच्या हाताखाली शिकला, मग त्याच केंद्रात नोकरीला लागला. आमच्या घरी रविवारी जेवायला असायचा आणि तिसरी भाकरी मागायला लाजायचा नाही. हाच लोमटे तिच्या तेराव्याला आला नव्हता. फोनवर म्हणाला, काम आहे.

त्यानं तिच्या वह्या, चष्म्याचं घर, एक मोडकी छत्री असं खोक्यात भरून दिलं. खोली उघडीच होती, तरी मला आत येऊ दिलं नाही. शिपाई गवळी खोकं उचलून माझ्याबरोबर निघाला. व्हरांड्यात प्रिंटर होता. त्यावर छापलेले कागद पडले होते.

"गवळी, ही मशीन आपोआप चालतात का रे?"

"आपोआप?" गवळी हसला. "लोमटे सर सकाळी आठला येऊन बसतात की. मॅडमच्याच खात्यातनं चाललंय सगळं. मार्चएंडच्या आत तास संपवायचेत म्हणत होते."

"कसले तास?"

"मोठ्या मशीनचे हो. दरवर्षी ज्याचे त्याला वाटून मिळतात. मॅडमचे लई उरलेत. एकतीस मार्चला बुडाले म्हणजे बुडाले."

म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावरचं रेशन उचलायचं चाललं होतं. मी प्रिंटरवरचा वरचा कागद पाहिला. इंग्रजी मला ड्रॉइंग वाचण्यापुरतं येतं, पण नाव वाचता येतं. तो पेपर धुळीच्या ढगातून जाणाऱ्या प्रकाशाबद्दल होता. तेच शैलाचं शेवटचं काम. वर लेखकाचं नाव एकच होतं, निरंजन लोमटे. मी ते पान आणि आकड्यांच्या तक्त्याचं पान अशी दोन पानं घडी करून खिशात घातली. गवळी दुसरीकडे बघत राहिला.

तिचं काम तिनं मला एकदा सिडकोच्या बसस्टॉपवर समजावून सांगितलं होतं. ताऱ्याचा प्रकाश निघतो, वाटेत धुळीचा ढग लागतो. प्रकाशाचं एक गाठोडं ढगात शिरतं आणि एखाद्या कणावर आपटतं. तो कण ते गिळून टाकेल, नाहीतर दुसरीकडे फेकेल. कुठं फेकेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर प्रत्येक वेळी फासा टाकतो आणि फासा पडेल तिकडे गाठोडं पाठवतो. अशी कोट्यवधी गाठोडी सोडायची आणि शेवटी कुठल्या बाजूनं किती बाहेर पडली ते मोजायचं. मग कळतं, तो ढग पृथ्वीवरून कसा दिसेल.

"म्हणजे जुगारच की," मी म्हणालो होतो.

"दहा वेळा खेळलं तर जुगार," ती म्हणाली. "कोटी वेळा खेळलं की शास्त्र."

असा एक खेळ पुरा झाला की त्याला ते लोक रन म्हणत. आणि तिचा एक नियम होता: ज्याचे रन, त्याचं नाव. ज्यानं स्वतः रन केले नाहीत, त्याचं नाव पेपरवर येणार नाही. या नियमावर तिनं एकदा खुद्द आपल्या गाइडचं नाव काढलं होतं. त्यापायी तिची बढती चार वर्षं अडली. लोमटेला हा नियम माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

आणि फेब्रुवारीतले रन तिचे होते. माझ्या डोळ्यांदेखत झाले होते.

तेव्हा ती उठून बसू शकत नव्हती. डॉक्टरांनी औषधं थांबवून घरी पाठवलं होतं. लोमटे बंगलोरला कसल्याशा ट्रेनिंगला होता. ती म्हणाली, "अहो, लॅपटॉप घेता का? मी सांगते, तुम्ही टाइप करा. नऊ ढग राहिलेत." पासवर्ड तिनं सांगितला. तो बाहेरच्या माणसाला द्यायचा नसतो हे मला माहीत होतं. पण मी काही बाहेरचा नव्हतो.

रोज एक ढग. प्रत्येक ढगासाठी केंद्रातल्या बारा मशीनना बारा फायली पाठवायच्या. ती डोळे मिटून सांगायची, मी एका बोटानं टाइप करायचो. धुळीची जाडी, कणांचं माप, ताऱ्याचं तापमान. पहिल्या दिवशी एका ओळीशी मी अडलो.

"इथं सीड असं लिहिलंय. काय टाकू?"

"सुरुवातीचा आकडा लागतो तो. कुठलाही टाका. काही फरक पडत नाही."

मी १७२३ टाकला आणि पुढं गेलो. संध्याकाळी बाराही मशीनची मिळून एक सरासरी यायची, ती मी तिच्या वहीत माझ्या अक्षरात उतरवायचो. नऊ दिवस मी जेवणापुरता उठलो. नवव्या दिवशी तिनं ढगाचं चित्र उघडायला सांगितलं. लॅपटॉप मी तिच्या पोटावर धरला. ती बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "झालं. आता बसा जरा. आणि तो लॅपटॉप इथंच राहू दे, निरंजनला दोन ओळी लिहायच्यात." आठवडाभरानं ती गेली.

घरी येऊन मी वही उघडली आणि खिशातला तक्ता शेजारी ठेवला. भिंग घेतलं. ढग तेच, मापं तीच. उत्तरं मात्र जवळजवळ तीच. पहिले दोन आकडे जुळायचे, तिसरा जुळायचा नाही. सहा ढगांचे आकडे भरलेले होते, तीन रिकामे होते. सहाही ठिकाणी तिसऱ्या घरात फरक.

माझ्या लेखी निकाल लागला. चोरलेल्या सायकलचा नंबर घासतात, तसे यानं आकडे घासले होते. मूळ माल तिचा, वर रंग याचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला.

"लोमटे, तो पेपर कुणाचा आहे?"

तो म्हणाला, "काका, तुम्ही पाहिलात का तो?"

"शैलाचं नाव कुठं आहे त्यावर?"

"नाहीये."

"का?"

"काका, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही थोडे दिवस थांबाल का? एप्रिलमध्ये मी घरी येतो."

"एप्रिलमध्ये? तास संपल्यावर?"

त्याला हे अपेक्षित नसावं. "तासांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" असं त्यानं विचारलं, आणि मी फोन ठेवला.

अठरा मार्चला मी केंद्राचे संचालक डॉ. सबनीस यांच्याकडं लेखी तक्रार दिली. मयताच्या खात्याचा वापर आणि मयताच्या कामाची चोरी. सबनीस शैलाच्याच वयाचे, स्वतः ताऱ्यांवर काम केलेले. त्यांनी तक्रार दोनदा वाचली, खातं त्याच दुपारी बंद करायला सांगितलं आणि चोवीस तारखेला आम्हा दोघांना बोलावलं. गवळीनं मला सांगितलं, खातं बंद झाल्यावर लोमटे सर जेवायलासुद्धा उठले नाहीत. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

चोवीसला अकरा वाजता आम्ही सबनीसांच्या खोलीत बसलो. लोमटे दाढी न करता आला होता.

"निरंजन," सबनीस म्हणाले, "तुझ्यावर साधा आरोप नाही. शैलजाचं खातं वापरलंस?"

"हो, सर."

"तिच्या परवानगीनं?"

"हो."

"लेखी आहे?"

"आहे. पण दाखवायची माझी तयारी नाही."

"वा!" मी म्हणालो. "पावती आहे, पण घरी राहिली."

"खंडागळे, थांबा जरा. निरंजन, पेपरवर तिचं नाव का नाही?"

"रन माझे आहेत, सर. मॅडमचा नियम तुम्हाला माहीत आहे."

"तिचेही होते की. फेब्रुवारीतले. त्यांचं काय झालं?"

"ते टाकून दिले. चुकले होते."

मी खुर्चीतून उठलो. "चुकले होते? तुझे आकडे तिसऱ्या घरात बदललेत आणि चूक तिची? तिच्या हातचं जेवलास रे तू."

"माझे चुकले होते, काका," तो खाली बघत म्हणाला. "ते रन मीच केले होते."

आता मात्र मला पक्कं कळलं की हा खोटं बोलतोय. ते रन कुणी केले ते मला ठाऊक होतं. पण मी टाइप केलं हे सांगितलं तर पासवर्डची भानगड निघाली असती आणि बोल शैलाला लागला असता. म्हणून मी गप्प बसलो.

सबनीसांनाही ते पटलं नसावं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. "बारा ते वीस फेब्रुवारी. तू तर बंगलोरला होतास. रजेवर माझी सही आहे."

लोमटेनं मान खाली घातली.

"मला त्या फायलीच बघू देत," ते म्हणाले. दोन मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग स्क्रीन आमच्याकडं वळवला. "हे काय आहे? बाराही मशीनना एकच सीड? नऊही दिवस?"

स्क्रीनवर एक रकाना होता. वरपासून खालपर्यंत एकच आकडा. १७२३, १७२३, १७२३.

"एकच असला तर काय होतं?" मी विचारलं.

"अहो, फासे त्या आकड्यापासून सुरू होतात. आकडा तोच, तर फासेही तेच. प्रत्येक गाठोडं त्याच कणावर आपटणार, तिकडंच वळणार. बारा साक्षीदार बोलवायचे आणि एकाच माणसाला बारा वेळा उभं करायचं, तसं झालं हे. बारा मशीननी बारा वेगळे खेळ खेळायला हवेत, म्हणजे एकाची चूक दुसरा भरून काढतो. इथं एकच खेळ झालाय." ते लोमटेकडं वळले. "कुठलाही आकडा चालतो, पण प्रत्येकाला वेगळा. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे. शैलजा? शैलजानं हे केलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कीव होती. आजारी बाईचं डोकं शेवटी चालेनासं झालं, असं त्यांना वाटत होतं. लोमटे मान खाली घालून बसला होता. त्याला तोंड उघडता येत नव्हतं आणि मला बसवत नव्हतं.

कारखान्यात प्रत्येक इन्स्पेक्टरचा एक शिक्का असतो. जॉब पास झाला की त्यावर आपला नंबर ठोकायचा. माझा नंबर १७२३. आणि एकच जॉब बारा मशीनवर लावायचा तर बाराही मशीनवर सेटिंग एकच हवं, हे मी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. शैला म्हणाली कुठलाही टाका. मी माझा टाकला, आणि बाराही ठिकाणी काळजीनं तोच टाकला. दोनदा तपासून.

"तो आकडा माझा आहे," मी म्हणालो. "टाइप मी केलंय सगळं. ती सांगत होती, पण या ओळीचं मी तिला परत विचारलं नाही."

सबनीस माझ्याकडं बघत राहिले. लोमटेनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"तुला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"हो, काका."

"केव्हापासून?"

"वीस फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून. मॅडमची मेल आली." त्यानं खिशातून फोन काढला, हातात धरून ठेवला. "तुम्हाला दाखवायची नव्हती."

"आता दाखव."

त्यानं दिला. मी वाचलं.

"निरंजन, बारा तारखेपासूनचे सगळे रन टाकून दे. बाराही ठिकाणी सीड एकच आहे. बाराची सरासरी काढूनही चित्रात दाणे जसेच्या तसे राहिलेत, त्यावरून कळलं. यांनी बसवलंय. यांना सांगू नकोस. नऊ दिवस माणूस खुर्चीवरून उठला नाही. आत्ता रागवायला माझ्यात त्राण नाही आणि नंतर रागवायला मी नसेन. माझ्या खात्यात तास आहेत, मार्चअखेर बुडतील, त्यात नऊही ढग पुन्हा कर. पेपरवर माझं नाव घालू नकोस. कारण तुला माहीत आहे."

मी फोन परत दिला.

"तेराव्याला का आला नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं असतं, मॅडमचं काम कुठवर आलं. मला तोंडावर खोटं बोलता येत नाही. आज पाहिलंत ना."

"किती ढग झालेत?"

"सहा. अठरा तारखेला खातं बंद झालं. तीन राहिलेत."

"तीन ढगांना किती दिवस लागतात?"

"सहा दिवस. आता प्रत्येक ढग वेगळे सीड घालून दोनदा करतोय. आज सुरू केलं तर तीस तारखेला संपतात."

सबनीस पुढं झुकले. "खंडागळे, तास मला वाढवता येत नाहीत, ते वरून येतात. पण नावाचं मी बघू शकतो. कोड शैलजाचा, कल्पना तिची. तुम्ही म्हणालात तर मी निरंजनला सांगतो, तिचं नाव पहिलं येईल. कुणी हरकत घेणार नाही."

"मी तर आनंदानं घालीन," लोमटे म्हणाला.

हेच मागायला मी आलो होतो. सहा दिवस दुसरा विचार केला नव्हता. छापील कागदावर तिचं नाव एकदा यावं, मग काही मागणं नाही, असं घरातल्या फोटोपुढं बोललो होतो.

"त्या सहा ढगांत तिचा एक तरी रन आहे?" मी विचारलं.

"नाही, काका."

"पुढच्या तिनांत असेल?"

"नाही."

"मग नको."

"विचार करा," सबनीस म्हणाले. "पुन्हा संधी नाही."

"तिनं गाइडचं काढलं होतं, साहेब. चार वर्षं भोगलंय आम्ही ते. आज ती नाही म्हणून मी नियम वाकवला, तर तेव्हा भोगलं ते कशासाठी?"

त्यांनी कोरा कागद पुढं केला. "तक्रार मागं घ्यायची तर कारण लिहावं लागेल. बाहेरच्या माणसानं पासवर्ड वापरला, ही नोंद शैलजाच्या फायलीत होईल. ती मला टाळता येणार नाही."

"होऊ द्या. खरी आहे ती."

पुढं ते रन तीस तारखेला रात्री संपले. वर्षअखेरीला पेपर छापून आला. त्यावर एकच नाव आहे. तो माझ्याकडं आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी लिहिलं, "फेब्रुवारी महिन्यातील रन फक्त माझ्यामुळे चुकले. डॉ. शैलजा खंडागळे किंवा डॉ. निरंजन लोमटे यांचा त्यात काहीही दोष नाही. माझी तक्रार चुकीची होती, ती मी मागे घेतो. खाते आजच उघडावे." कागद मी आधी लोमटेकडं सरकवला. सहा दिवस त्याला चोर म्हणालो होतो, तर निदान त्यानं आधी वाचावं.

त्यानं वाचलं आणि बोट एका जागी ठेवलं.

"काका, एवढं बदला. रोज संध्याकाळी तुमचे आकडे मशीनकडून आपोआप मेलनं मला बंगलोरला येत होते. नुसती सरासरी बघितली मी, एकदाही बारा वेगवेगळे उघडले नाहीत. उघडले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. नऊ दिवस मीही पास केलंय ते."

"मग काय लिहू?"

"'फक्त' नको."

मी तो शब्द आणि खालचं 'किंवा डॉ. निरंजन लोमटे' खोडलं, 'माझ्यामुळे'च्या जागी आमच्या दोघांची नावं लिहिली आणि सही केली. मग पेन त्याच्याकडं दिलं. त्यानंही केली.